सिद्धत्थक : पालि वाङ्मयातील मोहरी

पालि भाषेत मोहरीला दोन शब्द आढळतात. एक 'सासप' आणि दुसरा 'सिद्धत्थक'. पहिला शब्द संस्कृत 'सर्षप' याचे पालि रूप होय. आपल्याकडील 'शिरस' आणि हिंदीतील 'सरसों' ही त्याच शब्दाची पुढची रूपे आहेत. दुसरा शब्द वाचताच धम्मबांधवांच्या मनात वेगळेच नाव उभे राहील. 'सिद्धत्थ' म्हणजे ज्याचा हेतू सिद्धीस गेला आहे असा. शुद्धोदनपुत्राचे परंपरेने चालत आलेले नाव हेच, आणि पांढऱ्या मोहरीचे नावही हेच. अमरकोशातही पांढऱ्या सर्षपास 'सिद्धार्थ' असेच म्हटले आहे. या दोन नावांपैकी एक दुसऱ्यावरून पडले, असे मानण्यास आधार नाही. परंतु रक्षाविधीत हाती धरलेले कार्य सिद्धीस नेणारी म्हणून मोहरीस हे नाव मिळाले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. मंत्रतंत्रात 'सिद्धार्थ' ठरलेल्या या दाण्याचे तथागतांच्या धम्मात काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वनस्पतीविषयी थोडेसे. वनस्पतिशास्त्रात मोहरी ज्या कुलात मोडते, त्याच कुलात मुळा, सलगम, कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि बाळंतिणीस लाडवातून दिले जाणारे अळीव यांचा समावेश होतो. या कुलाच्या सुमारे पावणेचार हजार जाती ज्ञात आहेत. फुलाला चार पाकळ्या असून त्या फुलीसारख्या समोरासमोर मांडलेल्या असतात. म्हणून युरोपीय शास्त्रज्ञांनी या कुलाला 'क्रूस धारण करणारे' अशा अर्थाचे 'क्रुसिफेरी' हे नाव दिले. आज त्याला 'ब्रॅसिकेसी' म्हणतात. कोबी, फुलकोबी व नवलकोल या तर एकाच जातीपासून माणसाने निवडीने घडविलेल्या भाज्या आहेत. 'कोबी' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि भाजीही युरोपीयांबरोबरच रुजली. तेव्हा श्रावस्तीच्या वा राजगृहाच्या बाजारात कोबी शोधण्याचे कारण नाही. मोहरीची गोष्ट निराळी. सिंधमधील चन्हुदडो येथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी केलेल्या उत्खननात मोहरीचे दाणे सापडले आहेत. म्हणजे वेदांच्या रचनेपूर्वीच, सिंधू संस्कृतीच्या काळात, हे धान्य या भूमीत माणसाच्या वापरात होते.

पालि तिपिटकात मोहरी प्रथम भेटते ती रोजच्या उपयोगाची वस्तू म्हणून. भिक्खूंना औषध म्हणून सात दिवसांपर्यंत जवळ ठेवता येणाऱ्या पदार्थांत तूप, लोणी, तेल, मध व काकवी यांची गणना आहे. त्यांतील 'तेल' या शब्दाची व्याख्या करताना विनयपिटकाने तीळ, सासप, मोहाच्या बिया, एरंड व चरबी यांची तेले सांगितली आहेत. चुल्लवग्गात विहाराच्या बांधकामाचे नियम येतात. भिंतीवर दिलेला गेरू नीट धरत नसेल, तर कुटलेली मोहरी व मेणतेल वापरण्याची अनुज्ञा तेथे दिली आहे. मोहरीने विहाराची भिंत रंगविता येते, हे आजच्या वाचकास नवल वाटेल. परंतु विनयकारांनी ते नवल म्हणून नोंदविलेले नाही. गवंड्याची अडचण आली, तिच्यावर उपाय सांगितला, इतकेच.

याहून महत्त्वाचा उल्लेख महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात आहे. एका भिक्खूस गळू होते. शस्त्रक्रिया करण्यास अनुज्ञा मिळते. नंतर तुरट काढ्याचे पाणी, तिळाचा लगदा, जखमेवर बांधण्याचे फडके अशा एकेका गोष्टीची गरज पडत जाते आणि एकेकीस अनुज्ञा मिळत जाते. पुढे जखमेला खाज सुटते, तेव्हा कुटलेली मोहरी शिंपडण्यास सांगितले आहे. जखम ओलसर राहते, तेव्हा धुरी देण्यास सांगितले आहे. या साऱ्या प्रकरणात मंत्र नाही, राक्षस नाही, ग्रहबाधा नाही. खाज सुटली हे कारण आणि मोहरी हा उपाय.

याच्या शेजारी सुश्रुतसंहितेचा उतारा ठेवून पाहावा. सूत्रस्थानाच्या १९ व्या अध्यायात जखमी रुग्णाच्या शुश्रूषेचे नियम आहेत. तेथेही मोहरी आहे. मोहरी, निंबाची पाने, तूप व मीठ यांची धुरी दिवसातून दोन वेळा, दहा दिवस द्यावी असे सांगितले आहे. परंतु कारण कोणते दिले आहे? रक्तमांसाच्या लोभाने रात्री फिरणारे राक्षस जखमी माणसाकडे येतात, त्यांच्यापासून रक्षण व्हावे म्हणून. सुश्रुताचा ग्रंथ शस्त्रक्रियेच्या ज्ञानासाठी थोर आहे याविषयी वाद नाही, आणि निंबाच्या धुराने माश्या-डास दूर राहून रुग्णाला लाभही होत असेल. प्रश्न उपायाचा नसून कारणमीमांसेचा आहे. निःपक्षपातीपणे हेही सांगितले पाहिजे की, विनयपिटक अमनुष्यबाधेच्या कल्पनेपासून सर्वस्वी मुक्त नाही. त्याच भेसज्जक्खंधकात अशा एका आजाऱ्याचा उल्लेख आहे. तथापि मोहरीच्या संदर्भात तरी तेथे भूतबाधेचा मागमूस दिसत नाही.

मोहरीभोवतीचे भय किती खोल होते, हे गृह्यसूत्रांवरून कळते. पारस्कर गृह्यसूत्रात जातकर्माच्या प्रकरणी असे विधान आहे की, बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी अग्नी ठेवावा आणि बाळंतीण उठेपर्यंत सकाळ-संध्याकाळ त्यात धान्याच्या कण्यांबरोबर मोहरी टाकावी. सोबतच्या मंत्रात बाळाला पीडा देणाऱ्या दुष्ट शक्तींना नावे घेऊन हाकलले आहे. त्या काळी मूल जन्मणे आणि मूल जगणे या दोहोंत फार अंतर होते. या अंतरात आईच्या मनात जी भीती दाटते तिच्यावर पुरोहिताची मोहरी जगत होती.

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात श्रमण-ब्राह्मण ज्या हीन विद्यांवर उपजीविका करीत त्यांची लांबलचक यादी आहे. तिला 'तिरच्छानविज्जा' असे नाव आहे. हात पाहणे, स्वप्ने सांगणे यांबरोबर नाना प्रकारचे होम त्या यादीत येतात: तुसाचा होम, कोंड्याचा होम, तांदळाचा, तुपाचा, तेलाचा. त्यातच 'मुखहोम' असा एक शब्द आहे. आचार्य बुद्धघोषांनी आपल्या अट्ठकथेत त्याचा अर्थ दिला आहे की, मोहरी वगैरे तोंडात घेऊन ती अग्नीत टाकणे म्हणजे मुखहोम. तथागत अशा विद्यांपासून दूर राहतात, असे सुत्त सांगते. म्हणजे मोहरी भिक्खूच्या जखमेवर चालते, भिंतीवर चालते, दिव्यात चालते. पोटासाठी अग्नीत टाकलेली मोहरी चालत नाही. विनय आणि सुत्त ही दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज हा भेद ध्यानात येत नाही.

आता किसागोतमीकडे वळू. ही कथा ठाऊक नाही असे बौद्ध घर क्वचितच सापडेल; म्हणूनच तिच्याकडे पुरेशा बारकाईने पाहिले जात नाही. थेरीगाथेत किसागोतमीच्या नावाने ११ गाथा आहेत. त्यांत स्त्रीजन्माच्या दुःखाचे, सवतीबरोबर राहण्याचे, बाळंतपणाच्या यातनांचे जे वर्णन आहे ते वाचवत नाही इतके कठोर आहे. मात्र त्या गाथांत मोहरी कोठेही नाही. मोहरीची कथा येते ती धम्मपदाच्या व थेरीगाथेच्या अट्ठकथांत, म्हणजे बऱ्याच नंतर लिखित रूपास आलेल्या ग्रंथांत. इतिहासाच्या दृष्टीने हा फरक नजरेआड करता येणार नाही. घटना जशी घडली तशीच अट्ठकथेत उतरली, असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु धम्माच्या परंपरेने आपल्या शास्त्याला कोणत्या रूपात स्मरणात ठेवले, हे मात्र तीवरून निश्चित कळते.

थेरीगाथेच्या अट्ठकथेनुसार गोतमी श्रावस्तीतील एका दरिद्री कुटुंबात जन्मली. शरीराने कृश म्हणून 'किसा'. सासरी तिला गरिबाची मुलगी म्हणून तुच्छ लेखत असत. मुलगा झाला तेव्हा कोठे तिला मान मिळू लागला. तो मुलगा नुकता धावू-खेळू लागला होता, आणि गेला. या स्त्रीने केवळ मूल गमावले नव्हते. त्या मुलामुळे घरात मिळालेली जागाही गमावली होती. लोक आपल्या बाळाला घराबाहेर टाकून देतील या भयाने ती त्याला कडेवर घेऊन औषध मागत दारोदार हिंडू लागली. लोकांनी तिला वेडी ठरविले. एका शहाण्या माणसाने तिला तथागतांकडे पाठविले.

तथागतांनी तिला चिमूटभर मोहरी आणावयास सांगितली. अट्ठकथेतील शब्द येथे 'सासप' नाही, तो 'सिद्धत्थक' आहे. अट जोडली ती अशी की, ज्या घरात मुलगा, मुलगी किंवा अन्य कोणीही कधी मेले नसेल त्या घरातूनच ती मोहरी यावी. हा शब्द ऐकून गोतमीला काय वाटले असेल? बाळंतिणीच्या दाराशी मोहरी जाळली जाते त्या समाजातील ही आई. पांढरी मोहरी मागणारा श्रमण आता काही रक्षाविधी करील, मंत्र म्हणेल, बाळ उठेल, असेच तिला वाटले असले पाहिजे. अट्ठकथा हे स्पष्ट शब्दांत सांगत नाही, प्रस्तुत लेखकाचा हा तर्क आहे. पण ती आनंदाने निघाली, हे अट्ठकथाच सांगते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मोहरी प्रत्येक घरात होती. मूठभर द्यायला कोणी नाही म्हणत नव्हते. अट मात्र कोणत्याच घरात पुरी होईना. गेलेल्यांची संख्या उरलेल्यांहून मोठी आहे, असेच तिला दारोदारी ऐकावे लागले. सायंकाळपर्यंत तिला उलगडा झाला. बाळाचे प्रेत तिने वनात ठेवले आणि ती रिकाम्या हाताने परतली. मोहरी आणलीस काय, असे तथागतांनी विचारले, तेव्हा त्या मोहरीचे काम झाले होते.

मोहरीच का, याचे एक उत्तर सोपे आहे: ती घराघरात असते. दुर्मिळ वनौषधी सांगितली असती तर गोतमी रानात गेली असती, माणसांकडे गेली नसती. दुसरे उत्तर अधिक खोल जाते. ज्या दाण्याला लोक मृत्यूवरचा उतारा समजत होते, तोच दाणा तथागतांनी मृत्यूविषयीच्या चौकशीचे साधन केला. गोतमीला उपदेश करण्यात आला नाही. तिला विचारावयास पाठविण्यात आले. तिने घरोघर प्रश्न केला, उत्तरे गोळा केली आणि निष्कर्ष स्वतः काढला. पुढे हीच गोतमी भिक्खुणीसंघात आली आणि जाडेभरडे चीवर धारण करणाऱ्यांत अग्र म्हणून अंगुत्तरनिकायात तिची नोंद झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या आठव्या खंडात, तथागतांच्या मानवतेच्या प्रसंगांत, ही कथा आली आहे. तेथे बाळ सर्पदंशाने मरते. पालि अट्ठकथेत मृत्यूचे कारण दिलेले नाही. ज्या ग्रंथातून बाबासाहेबांनी चमत्कारांना फाटा दिला, त्यात या कथेला स्थान मिळावे हे स्वाभाविकच होते. मेलेले मूल जिवंत न होणे हाच या कथेचा गाभा आहे.

पुढील काळात हे सारे उलटले, ही खेदाची बाब आहे. 'मंजुश्रीमूलकल्प' या तंत्रग्रंथात मोहरीचे होम पुन्हा अवतरतात. आठव्या शतकात चीनमध्ये कार्य करणाऱ्या अमोघवज्रांच्या परंपरेत अशी आख्यायिका आहे की, दक्षिण भारतातील एका लोखंडी स्तूपाचे दार मंत्र म्हणून मारलेल्या पांढऱ्या मोहरीच्या सात दाण्यांनी उघडले आणि आतून गूढ सूत्रे बाहेर आली. ब्रह्मजाल सुत्ताने जी मोहरी दाराबाहेर ठेवली होती, ती अशा रीतीने स्तूपाची किल्ली होऊन आत आली. महाराष्ट्रात मीठ-मोहऱ्या ओवाळून विस्तवात टाकण्याची आणि दृष्ट काढण्याची रीत आजही चालू आहे. दाण्यातील ओलावा तापून त्याची वाफ होते व कवच फुटते म्हणून मोहरी तडतडते. दृष्ट कडक असल्याचा तो पुरावा नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतूनही हा तडतडाट कधीमधी ऐकू येतो, हे नमूद करणे भाग आहे.

मोहरीचा आणखी एक उपयोग प्राचीन ग्रंथकारांनी केला, तो माप म्हणून. संयुत्तनिकायातील सासप सुत्तात कल्पाचा काळ समजावण्यासाठी एक योजन लांब, रुंद व उंच असे लोखंडी नगर कल्पिले आहे. ते मोहरीने गच्च भरलेले असून शंभर वर्षांनी एकेक दाणा काढला, तरी कल्प संपण्यापूर्वी ती रास संपेल, असे तथागत म्हणतात. अन्यत्र, आर्यश्रावकाचे उरलेले दुःख हिमालयाच्या तुलनेत मोहरीएवढ्या सात खड्यांइतके असल्याचे सांगितले आहे. आपण मराठीत राईचा पर्वत करतो. येथे पर्वताची राई झाली आहे.

मनुस्मृतीतही मोहरी मापच आहे. आठव्या अध्यायात वजनांची साखळी दिली आहे: तीन राजसर्षपांचा एक गौरसर्षप, सहा गौरसर्षपांचा एक जव, तीन जवांचा एक कृष्णल. तांब्याचा पण ८० कृष्णलांचा. हिशेब केला तर एका पणात १,४४० पांढऱ्या मोहऱ्या भरतात. आता त्याच अध्यायातील दंडाचे श्लोक पाहावेत. क्षत्रियाने ब्राह्मणाला शिवी दिली तर त्याला दंड १०० पण, म्हणजे १,४४,००० मोहऱ्या. ब्राह्मणाने शूद्राला शिवी दिली तर १२ पण, म्हणजे १७,२८० मोहऱ्या. आणि शूद्राने ब्राह्मणाला शिवी दिली तर तेथे मोहरीचा तराजू बाजूलाच ठेवला आहे. त्याला शारीरिक शिक्षा. दाणा सर्वांसाठी सारखाच भरत होता, तोलणारा हात सारखा नव्हता. हा ग्रंथ महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी का जाळला गेला, हे समजण्यास एवढा एकच अध्याय पुरे आहे.

मनूचा सर्वांत मोठा धाक म्हणजे वर्णसंकर. या संदर्भात आपल्या फोडणीतील मोहरीचा जन्मवृत्तांत उद्बोधक ठरेल. नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने १९३५ साली असे दाखविले की, राई म्हणून ओळखली जाणारी मोहरीची जात दोन भिन्न जातींच्या संकरातून निर्माण झाली आहे. सरसों-सलगमाच्या जातीच्या पेशीत २० गुणसूत्रे, काळ्या मोहरीच्या जातीत १६, आणि राईत ३६, म्हणजे दोहोंची सरळ बेरीज. हे संशोधन करणारे ऊ हे टोकियोत कोरियन पिता व जपानी माता यांच्या पोटी जन्मले होते. १९५० साली ते कोरियात गेले आणि तेथील भाजीपाल्याच्या बियाण्यांचा पाया त्यांनी घातला. संकराने राई क्षीण झालेली नाही. आज भारतात तेलासाठी घेतल्या जाणाऱ्या मोहरीत तिचाच वाटा सर्वांत मोठा आहे.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त येथे आठवते. धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद केला असल्याने ते आपल्या वाचकांना उपलब्ध आहे. इच्छानंगल येथे वासेट्ठ व भारद्वाज या दोन तरुण ब्राह्मणांत वाद झाला की, ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. तथागतांनी उत्तराचा आरंभ वनस्पतींपासून केला. गवत व वृक्ष, किडे-मुंग्या, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्यात जन्मतःच वेगवेगळी लक्षणे दिसतात. माणसांत केस, डोळे, हात, पाय कशातही तसा भेद नाही, भेद आहे तो केवळ नावाचा. शेती करणारा शेतकरी, व्यापार करणारा व्यापारी. म्हणजे वनस्पतींत जाती असतात हे त्यांनी मान्य केले आणि मनुष्यांत त्या नसतात हे सिद्ध केले. ऊ यांच्या संशोधनानंतर तर वनस्पतींतील जातीची भिंतही अभेद्य नाही, असे दिसते.

याच सुत्तात खरा ब्राह्मण कोण हे सांगताना मोहरीचा दृष्टान्त दोनदा आला आहे, आणि त्याच गाथा धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गात ४०१ व ४०७ या क्रमांकांवर आहेत. एकीत, कामभोगांना जो चिकटत नाही त्याची तुलना आहे. दुसरीत, ज्याचे राग, द्वेष, अहंकार व ढोंग गळून पडले आहेत त्याची. दोन्ही ठिकाणी ते न टिकणे कसे, तर 'आरग्गा'वर मोहरी टिकत नाही तसे. 'आरग्ग' म्हणजे 'आरा'चे टोक. संस्कृतात व पालित 'आरा' म्हणजे चामड्याला भोक पाडण्याचे, चांभाराच्या हातातील हत्यार. ब्राह्मण्याची व्याख्या सांगण्यासाठी यज्ञातील पळी नव्हे, तर हे हत्यार निवडले गेले, आणि तेही जन्मश्रेष्ठत्वाचा वाद घेऊन आलेल्या दोन ब्राह्मण तरुणांसमोर. मराठीत त्या हत्याराला आजही 'आरी'च म्हणतात.